कॅप्टनची भुणभुण

१

क्लबचा माळी पंपाच्या खोलीच्या भिंतीशी मेला. पाइपची जोडणी घट्ट करायला तो वाकला होता, पाठ उताराकडे. वरून गोल्फवाल्यांची विजेवर चालणारी छोटी गाडी आली, वळणावर वळलीच नाही, आणि तिने त्याला भिंतीवर दाबलं. गाडी चालवत होते कॅप्टन, वय पंचाहत्तरच्या पुढे. हे कॅप्टन सैन्यातले वगैरे नव्हेत. पूर्वी कधीतरी क्लबच्या संघाचे कप्तान होते आणि ते पद त्यांनी पुढे खाली ठेवलंच नाही.

मी विमा कंपनीची सर्व्हेअर. काय मोडलं आणि कुणामुळे मोडलं, हे लिहिणं माझं काम. नवरा जाऊन चार महिने झालेत, त्यामुळे ऑफिसात सगळे माझ्याशी कडी नसलेल्या न्हाणीघराजवळून जावं तसे जपून वागतात. हे प्रकरण देताना साहेब म्हणाले, "सोपं आहे, नुसती गाडी बघायचीय." माणूस मेला होता, पण सोपं होतं. मी "बरं" म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणते. रडू येत नाही, राग येत नाही, भूक लागली की जेवते.

क्लबच्या सेक्रेटरींनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि लगोलग आरोपीही दिला. ते इतकं पुटपुटत बोलतात की मला दोनदा टेबलावर वाकावं लागलं.

"आमचा मिस्त्री," ते म्हणाले. "सगळ्या गाड्यांची देखभाल त्याच्याकडे. कॅप्टन दोन महिने कंठशोष करून सांगत होते, गाडीत आवाज येतो म्हणून. ह्याने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. शेवटी काय झालं, बघताय."

"कसला आवाज?"

"ते तुम्ही शोधायचं. पोलीस तुमच्याच रिपोर्टसाठी थांबलेत. गाडीत दोष होता असं लिहिलंत की मिस्त्रीला उचलतील. उद्यापर्यंत द्याल ना?"

"आणि दोष नसला तर?"

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग कॅप्टनवर येईल. ह्या इमारतीचं छप्पर त्यांनी घालून दिलंय, मॅडम."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हा प्रकार माझ्या धंद्यात नवा नाही. पण फाशी जाणारा दर वेळी संन्यासीच असतो असंही नाही. मी बाहेर आले तर दाराशीच मिस्त्री उभा होता. चाळिशीचा माणूस, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"मॅडम, कॅप्टनसाहेबांनी पहिल्यांदा सांगितलं त्याच दिवशी मी गाडी पूर्ण तपासली होती," तो म्हणाला.

मी त्याला अजून काही विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं लोकांचं ऐकतेय. न मागता आलेलं उत्तर बहुतेक वेळा खोटं असतं. हेही खोटं होतं.

२

गाडी मिस्त्रीच्या शेडमध्ये उभी होती. पुढचा बंपर चेपलेला, बाकी सगळी जागच्या जागी. पोलिसांनी बघून सोडली होती, त्यामुळे हात लावायला हरकत नव्हती.

आम्ही ती जॅकवर चढवली आणि चाकं हवेत फिरवली. मी बेअरिंगला कान लावला, मोटरला लावला, बॅटरीच्या पेटीला लावला. मग खाली उतरवून त्याच उतारावर नेली, मिस्त्री स्टिअरिंगवर आणि मी शेजारी. टायरांची सळसळ ऐकू आली. मोटरची बारीक शीळ ऐकू आली, ती असायचीच. ब्रेक सोडताना एकदा टक झालं, तेही असायचंच. अर्ध्या उतारावर मी त्याला ब्रेक दाबायला सांगितला आणि गाडी जिथल्या तिथे थांबली. पुन्हा दाबायला लावला, आणखी वेगात असताना. पुन्हा थांबली.

"ब्रेक उत्तम आहे," मी म्हटलं.

"मग मी सुटलो?"

"आवाज कुठला ते कळल्याशिवाय कोण सोडेल? उद्या वकील म्हणेल, त्या दिवशी होता, आज नाही. कॅप्टन नक्की काय म्हणाले होते? त्यांचा शब्द सांगा."

मिस्त्रीने चावी काढली आणि हातात फिरवत बसला. "भुणभुण," तो म्हणाला.

"आणि त्या दिवशी तुम्ही गाडी तपासली नाही."

तो अंगठ्याने चावीवरची धूळ पुसू लागला.

"हे बघा, मिस्त्री, मला खोटं बोललेलं चालतं. सवय आहे. पण तुम्हाला नाही चालायचं."

"नाही तपासली," तो म्हणाला. "कॅप्टन आले तेव्हा काकू शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या मिसेस. कॅप्टन म्हणाले, 'मिस्त्री, सारखी भुणभुण चालू असते, डोकं उठलंय, काहीतरी करा.' आता तुम्हीच सांगा, बायको शेजारी बसलीय आणि माणूस म्हणतो भुणभुण चालू असते. मला काय वाटणार? मी म्हटलं, साहेब, त्याला माझ्याकडे पाना नाही."

"मग?"

"कॅप्टनना ऐकूच गेलं नाही. त्यांच्याशी समोर उभं राहून ओरडावं लागतं. पण काकूंना गेलं. त्या हसल्या नाहीत. उतरल्या आणि चालत घरी गेल्या. तेव्हापासून त्या कधी गाडीत बसल्याच नाहीत. आधी रोज यायच्या." त्याने चावी खिशात टाकली. "थट्टा केली हो. आता हे सेक्रेटरींना कसं सांगू? म्हणून म्हटलं, तपासली होती."

दोन-तीन दिवसांनी कॅप्टन परत आले आणि गाडीच्या सीटवर थापटून ओरडले, तेव्हा मिस्त्रीला कळलं की भुणभुण गाडीची आहे. मग त्याने काही करायचं बाकी ठेवलं नाही. बेअरिंग बदललं, टायर बदलले, छताचे खांब आवळले. त्याला काही ऐकू येत नव्हतं आणि कॅप्टनना येतच होतं. शेवटी त्याने दुसरी गाडी दिली. ती म्हणे जास्तच भुणभुणते. म्हणून कॅप्टन परत ह्याच गाडीवर आले.

"मग मी म्हटलं, भुंगा म्हाताऱ्याच्या डोक्यातच आहे. पण मॅडम, रविवारी कधी तक्रार नाही. रविवारी मुलगा बरोबर असतो. त्या दिवशी भुणभुण नाही, ओरडावं लागत नाही, काही नाही. मागून कुणी खेळाला नावं ठेवली तर वळून उत्तर देतात. सोमवारी पुन्हा ठणठणाट."

त्याची आई घरी आहे, तिला त्याने अजून काही सांगितलेलं नाही, हेही तो मध्येच बोलून गेला. मी मान हलवली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटण्याची ती जागा चार महिने बंद आहे. डोकं मात्र चालू होतं आणि ते एकाच ठिकाणी अडून बसलं. ज्या माणसाला समोर ओरडलेलं ऐकू येत नाही, त्याला कुणालाच ऐकू न येणारी भुणभुण कशी ऐकू येते?

३

माळ्याची बायकोही क्लबातच काम करते. पंपाच्या खोलीपलीकडे त्यांची एक खोली आहे. ती दारात बसली होती. पातेली घासून उन्हात पालथी घातलेली, प्रत्येक मापाची दोन-दोन, अजून दोघांसाठी असावीत तशी.

"मी वर रोपं लावत होते," तिने सांगितलं. बहुतेक पोलिसांना सांगून सांगून तिचं पाठ झालं होतं. "गाडी वळणार तिथे वळली नाही. मी ओरडले. साहेब, थांबा, साहेब, थांबा. माझा आवाज काही बारीक नाही. फाटकाबाहेरचा माणूस थांबला. हे उठायला गेले, पण गुडघे धरलेले त्यांचे. साहेबांनी मान वर केली नाही."

"मान खाली होती? झोप लागली होती का?"

"नाही हो. जागे होते. असे वाकलेले." ती बसल्या जागी कमरेत वाकली आणि डोकं आडवं करून मांडीजवळ नेलं. "एक हात स्टिअरिंगवर, आणि कान सीटला."

"सीटखाली काही बघत होते?"

"बघत नव्हते. ऐकत होते. आम्ही जमिनीखालचा पाइप फुटलाय का ते ऐकतो ना, तसं."

मी ते लिहून घेतलं. तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. "तुमचं कोण गेलंय?"

"नवरा."

"बरेच दिवस झाले?"

"चार महिने."

"मग आता कळायला लागलं असेल."

"काय?"

"गेले ते."

"अजून नाही," मी म्हटलं. तिने मान डोलावली. मला वाटतं, ह्या चार महिन्यांत मी कुणाशी इतकं खरं बोलले नव्हते. ती उठली आणि पातेली आत नेऊ लागली, दोन-दोनच्या जोड्या न मोडता.

४

कॅप्टनच्या घराचं दार त्यांच्या मुलाने उघडलं. चिरंजीव पन्नाशीचे, ऑफिसातून खास माझ्यासाठी आलेले. मी बसायच्या आत त्यांनी निकाल देऊन टाकला.

"गाडी सदोष होती. बाबा दोन महिने सांगतायत. तुम्हाला दुसरं काही शोधायची गरजच नाही."

"तुम्ही ऐकलात तो आवाज?"

"मी फक्त रविवारी जातो. तेव्हा नाही आला."

"गाडी तीच?"

"तीच." त्यांनी घड्याळ पाहिलं. "हे बघा, कुठे पाणी मुरतंय असं समजू नका. बाबा खणखणीत आहेत. रविवारी माझ्याशी तास तास गप्पा मारतात. बाकीचे दिवस मी लवकर जातो, उशिरा येतो. आता मात्र धक्का बसलाय त्यांना. अपघातापासून कान पार गेले."

मिस्त्री तर म्हणाला होता की अपघाताच्या आधीही, रविवार सोडून, ठणठणाटच होता. दोघांपैकी एकजण चुकत होता, किंवा दोघं आपापल्या वारी बरोबर होते.

कॅप्टन दिवाणखान्यात खिडकीशी बसले होते. डाव्या कानामागे जुन्या पद्धतीचं, चांगलं ठसठशीत मशीन. हात इतके थरथरत होते की काकूंनी त्यांना कप अर्धाच भरून दिला. काकू म्हणजे कॅप्टनच्या पत्नी, लहान चणीच्या, पदर खांद्यावरून घेतलेल्या. मी आल्यापासून त्यांनी मिठाची गुळणी धरली होती.

"कॅप्टन, त्या दिवशी काय झालं?" मी विचारलं. मग मोठ्याने विचारलं. मग ओरडून विचारलं. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. शेवटी मी कागदावर 'गाडीचा आवाज' असं लिहून पुढे केलं आणि ते सुटलेच.

"भुणभुण. पायाखालचं पेडल दाबलं की सुरू, सोडलं की बंद. वेग वाढवला की वाढते. सीटजवळ कान नेला की भुंगा कानातच शिरतो. मिस्त्री मला मूर्खात काढत होता, म्हणून मी जागा नक्की करत होतो. सापडलीच होती मला." त्यांनी माझा कागद उलटा करून ठेवला. "माळी चांगला माणूस होता," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

"दुसरीकडे कुठे येतो का आवाज?" मी चिरंजीवांना विचारलं.

त्यांनी आवाज उगीचच खाली आणला. "हे रिपोर्टात नको. त्या ट्यूबलाइटखाली बसत नाहीत, फ्रिजपाशी उभे राहत नाहीत. तिथेही भुणभुण म्हणे. डॉक्टरांना दाखवणार आहे. कानाच्या नाही, डोक्याच्या."

"मशीन ते स्वतः लावतात?"

"मी लावून देते," काकू म्हणाल्या. "सकाळी. त्यांच्या बोटांनी नाही जमत." तेवढंच बोलून त्या उठल्या, कारण कोपऱ्यातला फोन वाजला. जुना, वायरचा फोन. काकूंनी ऐकलं आणि रिसीव्हर कॅप्टनच्या हातात आणून दिला. तो त्यांनी डाव्या कानाशी धरला.

"हो, आल्या आहेत त्या," कॅप्टन फोनवर म्हणाले. "बोलणं झालं. नाही, नाही, मंगळवारी नको, बुधवारी बैठक ठेवा. काय? हां, तीन वाजता चालेल. माळ्याच्या बायकोला खोली सोडायला सांगू नका, मी सांगतोय." आणि रिसीव्हर काकूंच्या हातात देऊन ते पुन्हा बहिरे होऊन बसले.

"कोण होतं?" मी काकूंना विचारलं.

"क्लबचे सेक्रेटरी."

ज्यांचं बोलणं ऐकायला मला टेबलावर वाकावं लागलं होतं, तेच सेक्रेटरी. मी चहा तसाच ठेवला आणि उठले.

५

माझ्या पर्समध्ये एक छोटी थैली आहे. नवऱ्याचं घड्याळ, चष्मा आणि कानाचं मशीन. दवाखान्यातून दिली तशी पर्समध्ये टाकली आणि परत उघडली नाही. फेकवत नाही आणि कपाटात ठेवायला कुठला तरी एक कप्पा ठरवावा लागेल, तेही होत नाही. क्लबासमोरच्या औषधांच्या दुकानातून मी मशीनचा सेल घेतला आणि मिस्त्रीच्या शेडमध्ये आले.

"मिस्त्री, गाडी बाहेर काढा."

माझ्या नवऱ्याचंही कॅप्टनसारखंच जुनं मशीन. त्याच्या पाठीवर नखाने सरकवायचा एक बारका खटका असतो. एका बाजूला एम, दुसऱ्या बाजूला टी. माझा नवरा म्हणायचा, एम म्हणजे माणसं आणि टी म्हणजे टेलिफोन. एमवर असलं की आजूबाजूचं ऐकू येतं. टीवर केलं की बाहेरचा आवाज बंद. मग मशीन हवेतला आवाज धरतच नाही, फोनच्या रिसीव्हरमध्ये वीज जी खेळते तेवढी धरतं आणि तिचा आवाज करून कानात सोडतं. फोन स्वच्छ ऐकू येतो, बाकी जग मुकं. माझ्या माहेरची मंडळी आली की हा टी करून बसायचा आणि तासभर हसून माना डोलवायचा. माझी आई म्हणायची, जावई किती शांत आहेत.

मी ते कानाला लावलं. त्याच्या कानाचा साचा माझ्या कानात बसेना, म्हणून बोटाने दाबून धरला. एमवर मला मिस्त्रीचा श्वास ऐकू आला, पत्र्यावर उड्या मारणारे पक्षी ऐकू आले. दुसरा कान मी दुसऱ्या हाताने झाकला. "आता पेडल दाबा," मी म्हटलं. काही विशेष नाही.

मग खटका टीवर केला. पक्षी गेले, मिस्त्री गेला, सगळं गेलं. इतकं शांत तर माझं घरही नाही.

"दाबा," मी म्हटलं, म्हणजे बहुतेक म्हटलं.

भुणभुण. गाडी हलली तशी सुरू झाली, वेग वाढला तशी चढली. मी वाकून कान सीटजवळ नेला आणि भुंगा कानात शिरला.

मी थांबवायला सांगितलं आणि मशीन मिस्त्रीच्या कानाला लावलं. तो आपणच गाडी चालवत शेडला एक फेरी मारून आला. उतरला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"हीच," तो म्हणाला. "हीच सांगत होते ते. मी त्यांना वेड्यात काढलं."

सीटखालून बॅटरीच्या जाड तारा जातात. त्यांतून मोटरला वीज कमी-जास्त होत राहते आणि टीवरचं मशीन तेच ऐकतं. म्हणून ती भुणभुण दुसऱ्या गाडीतही गेली, ट्यूबलाइटखालीही गेली, फ्रिजपाशीही गेली. ती गाडीची नव्हतीच, कॅप्टनबरोबर फिरत होती. आणि फोनवर कुजबुजलेलं ऐकणाऱ्या कॅप्टनना माळ्याच्या बायकोची हाक ऐकू गेली नाही.

"म्हणजे खटका चुकून सरकला," मिस्त्री म्हणाला.

"चुकून सरकलेला खटका दर रविवारी आपोआप जागेवर येतो?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. कॅप्टनच्या बोटांनी तो खटका सरकणं शक्य नव्हतं. सकाळी मशीन कोण लावून देतं, हे मला कळलं होतं. रविवारी त्या घरात चिरंजीव असतात, इतर दिवशी नसतात. म्हणजे मुलगा नसताना त्या घरात असं काहीतरी होत होतं, जे कॅप्टननी ऐकायला नको होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा मुलगा ऑफिसात गेला होता. दार काकूंनी उघडलं. कॅप्टन खिडकीशी तसेच बसलेले.

"काकू, जरा आत जाऊन बोलू या का?"

"इथेच बोला. त्यांना ऐकू येत नाही."

"माहीत आहे. तेच विचारायला आलेय. मशीन टीवर का ठेवता?"

काकूंनी कानावर हात ठेवले नाहीत. त्या कॅप्टनच्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि मला शेजारची दाखवली. नंतरचं सगळं आम्ही त्यांच्यासमोर बोललो, मोठ्याने, आणि ते रस्त्यावरची वाहनं बघत होते.

"मला एक मुलगी आहे, मुलापेक्षा बरीच धाकटी," काकू म्हणाल्या. "तिने स्वतःचं स्वतः लग्न केलं. ह्यांनी सांगितलं, ह्या घरात तिचं नाव निघायचं नाही. मुलगाही बापाच्याच वळणाचा. ती लांब असते, तिला सकाळीच वेळ मिळतो. मी मोबाइल घेऊन न्हाणीघरात नळ सोडून, कुजबुजत बोलायचे. इतकी वर्षं तसंच चाललं. मोठी माणसं कुजबुजून बोलू शकतात हो. मग दोन महिन्यांपूर्वी तिला बाळ झालं. बाळाशी कुजबुजून काय बोलणार? त्याला कसं कळणार, ही आजी आहे?"

"म्हणून खटका."

"दुकानदाराने दाखवला होता पूर्वी. फोन झाला की मी परत फिरवायला जायचे, तर ते हात झटकायचे. कानाशी खेळू नकोस म्हणायचे. मग मीही म्हटलं, जाऊ दे, मैदानावर कुठे काय ऐकायचंय? चेंडू काही बोलत नाही."

"पण ही भुणभुण ते सांगत होते ना?"

"मला वाटलं, मलाच म्हणतात." काकूंचा आवाज तसाच सपाट होता. "तेव्हा कितीतरी दिवस माझा एक शब्द त्यांच्या कानात गेला नव्हता, तरी बाहेरच्या माणसासमोर म्हणाले, सारखी भुणभुण. मिस्त्रीसुद्धा तेच समजला. मी उतरले. म्हटलं, राहा तुमच्या शांततेत. मी शेजारी असते तर..." त्यांनी पदर सारखा केला. "अपघात झाल्यावर मला कळायला हवं होतं. कळत होतं थोडं. मी कळून घेतलं नाही. उलट मशीन टीवरच ठेवलं, लोक काय बोलतात ते ह्यांना ऐकू येऊ नये म्हणून."

मी वही मिटली. 

"मिस्त्रीचं काय होईल?" त्यांनी विचारलं.

"मी आज खरं लिहिलं नाही तर संध्याकाळी त्याला नेतील. लिहिलं तर तुमच्याकडे येतील. ते काय करतील, मला सांगता येत नाही."

काकू उठल्या. कॅप्टनच्या मागे गेल्या आणि त्यांच्या कानामागे नख लावून खटका सरकवला. कॅप्टननी हात झटकला. "कानाशी खेळू नकोस."

"बसा गप्प," काकू म्हणाल्या आणि कॅप्टन दचकले. त्या कोपऱ्यात गेल्या, फोन फिरवला आणि कुजबुजायची सवय असलेली ती बाई सगळ्या घराला ऐकू जाईल अशी बोलू लागली.

"सेक्रेटरीसाहेब, मी बोलतेय, कॅप्टनच्या घरून. गाडीत काही नव्हतं. मिस्त्रीचा दोष नाही. ह्यांच्या कानाचं मशीन मी बंद केल्यासारखं ठेवत होते, माझ्या मुलीशी बोलता यावं म्हणून. हो, तीच. तिला बाळ झालंय. माळ्याची बायको ओरडली ते ह्यांना ऐकू गेलं नाही ते माझ्यामुळे. नाही, मी अगदी शुद्धीवर आहे. विम्याच्या बाई इथेच बसल्यात. पोलिसांना मी सांगेन. आधी मिस्त्रीला फोनवर बोलवा, मी स्वतः त्याला सांगते. मी फोन धरून थांबते."

त्या थांबल्या. बराच वेळ त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही मोकळे आहात," आणि रिसीव्हर खाली ठेवला.

 कॅप्टननी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"मुलगा की मुलगी?" त्यांनी विचारलं.

मला राग आला. चार महिन्यांत पहिल्यांदा, चांगला पोटातून. एक माणूस भिंतीशी मेला, दुसरा तुरुंगात जायचा राहिला, समोर स्वतःच्या बायकोने स्वतःचं सगळं उघडं केलं, आणि ह्या माणसाला हे सुचलं. पण त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते पुसायचंही त्यांना कळत नव्हतं, म्हणून मी काही बोलले नाही.

"आधी माळ्याच्या घरी जाऊन येऊ," काकू म्हणाल्या. "दोघं. मग सांगते."

"तिच्याशी काय बोलू मी?"

"बोलायचं नाही. ती जे बोलेल ते ऐकायचं."

काकूंनी कॅप्टनच्या पुढ्यात चपला आणून ठेवल्या आणि दार उघडून त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.